कोरडा वसंत की कोरडा कारभार?

फेब्रुवारी सरत आला की भारतीय हवामान खाते मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करते. अलीकडे त्याचा मथळा जवळजवळ ठरलेलाच : उन्हाळा नेहमीपेक्षा कडक. लगेच सरकारी सूर लागतो. निसर्गापुढे कोणाचे चालत नाही, टँकरची सोय केली आहे, जनतेने पाणी जपून वापरावे. झाले! जबाबदारी आभाळावर ढकलून सरकार मोकळे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारी आम्ही मराठी कुटुंबे हे यापुढे निमूटपणे ऐकून घेणार नाही.

मुळात कोरडा वसंत ही आमच्या मुलखात बातमीच नव्हे. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जानेवारी ते एप्रिल आभाळ कोरडे असायचे, ते आमच्या पणजोबांच्या काळीही. तरीही ते वायंगण शेती करीत आणि कुळागरे शिंपीत. कारण पाऊस गेल्याबरोबर ओहोळावर बांध पडत, पाट साफ होत, झरी आणि तळी उपसली जात. पाऊस आजही भरपूर पडतो. मोडली आहे ती पाणी राखण्याची व्यवस्था.

नवे आहे ते ऊन, आणि ते आम्ही नाकारीत नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत दिवसाच्या तापमानाच्या बाबतीत देशातला सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला तो २०२३ चा. त्याच वर्षी ९ आणि १० मार्चला गोव्यातल्या शाळा दुपारी बारा वाजता सोडाव्या लागल्या आणि त्याच दिवसांत सत्तरीत म्हादई अभयारण्य पेटले असताना आग विझवायला हेलिकॉप्टरे आणावी लागली. २०२५ साली तर फेब्रुवारीतच गोव्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला. काजूचा मोहोर करपला की पेडणे-डिचोलीतल्या बागाईतदाराचे वर्ष बुडते. ते काही टँकरने भरून निघत नाही.

पण हे ऊन मोजले कुठे जाते? वर्तमानपत्रात गोव्याचे म्हणून जे तापमान छापून येते ते पणजी आणि मुरगावचे. दोन्ही ठिकाणे समुद्राच्या तोंडावर. वसंतात सकाळी जमिनीवरून पूर्वेचे वारे वाहतात. दुपारकडे समुद्राचा खारा वारा आत शिरतो आणि पारा उतरतो. पूर्वेचे वारे जोरात असले की खारा वारा रखडतो आणि तेवढ्या वेळात ऊन चढते. पणजीला तो वारा आधी मिळतो, साखळी-डिचोलीला मागाहून. त्यातून किनारपट्टीचा निकष असा की तापमान ३७ अंशांवर गेले आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वाढले तरच लाट म्हणायचे. दमट हवेत ३५ अंशांतही शेतात राबणाऱ्याचा जीव जातो की राहतो अशी स्थिती होते. पण निकषात बसत नाही म्हणून इशारा नाही!

आता पाण्याकडे वळू. तिळारी प्रकल्पाचा करार गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात १९९० साली झाला. खर्चाचा सुमारे ७३ टक्के वाटा गोव्याने उचलला, तो पेडणे, डिचोली आणि बार्देश हे तालुके भिजावेत म्हणून. प्रत्यक्षात दोडामार्ग तालुक्यात कालवा फुटतो आणि चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून असलेल्या पेडण्यातले नळ कोरडे पडतात. हे एकदा झाले तर अपघात म्हणू. वारंवार होते, त्याला हलगर्जीपणा म्हणतात. कालवा हवामानामुळे फुटत नाही.

डिचोलीची कथा याहून कडू. खनिजासाठी जमीन भूजलाच्या पातळीखाली खणत गेले की आजूबाजूच्या विहिरींचे पाणी खंदकाकडे ओढले जाते आणि खाणवाले ते पंपाने उपसून टाकतात. शिरगावच्या विहिरी अशाच आटल्या आणि गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या गावात श्री लईराईचे धोंड वैशाखात तळ्या-झरींवर आंघोळ करून व्रत पाळतात, त्या गावाने पाण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी? राज्यातल्या खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद झाल्या. लिलावानंतर डिचोलीतली खाण २०२४ मध्ये सुरू झाली. खाणीवर अनेकांचे पोट आहे, हे आम्ही जाणतो. पण विहिरीवर सगळ्या गावाचे पोट आहे.

पेडण्यात मोपाचा सडा म्हणजे पाण्याची टाकीच होती. जांभा दगड पावसाचे पाणी पितो आणि पायथ्याच्या झऱ्यांतून सावकाश सोडतो. त्या सड्यावर विमानतळासाठी हजारो झाडे तोडली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण परवाना स्थगित केला आणि जानेवारी २०२० मध्ये नीरीच्या देखरेखीची अट घालून काम पुढे जाऊ दिले. जानेवारी २०२३ पासून विमाने उडत आहेत. वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांच्या झऱ्यांचे काय झाले, हे तिथल्या ग्रामसभांत कोण येऊन सांगणार?

आणि या सगळ्यावर कळस असा की ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळवणारे गोवा हे देशातले पहिले राज्य ठरले. घरोघरी नळ पोचला हे खरे असेल. एप्रिलमध्ये त्या नळातून काय येते, ते प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही.

कोणी विचारील, मराठीसाठी झटणाऱ्यांनी पाण्यात कशाला पडावे? आमचे उत्तर सरळ आहे. भाषा माणसांच्या तोंडी राहते आणि माणसे पाण्याच्या काठी राहतात. विहीर आटली की घराला कुलूप लागते, मुले म्हापशाला नाहीतर पुण्याला जातात. मग देवळातले भजन कोण म्हणणार आणि गावची मराठी शाळा कोणासाठी उघडणार?

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. फेब्रुवारीअखेरचा अंदाज आला की आठ दिवसांच्या आत दोन्ही तालुक्यांच्या पाण्याचा ताळेबंद प्रत्येक पंचायतीच्या फलकावर मराठीतून लागावा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात सरकारी कामासाठी मराठीची तरतूद आहे, ही मेहेरबानी नव्हे.

२. तिळारी कालव्याची दुरुस्ती पावसाळा संपताच व्हावी आणि ती पूर्ण करण्याची तारीख दोन्ही राज्यांनी आधी जाहीर करावी.

३. पेडणे आणि डिचोलीचे तापमान रोज स्वतंत्रपणे जाहीर व्हावे.

४. खाणगावांतल्या विहिरींची पातळी मार्चमध्ये आणि मे महिन्यात मोजून ग्रामसभेत वाचून दाखवावी. मोपाच्या पायथ्याच्या झऱ्यांचेही तसेच.

५. ओहोळांवरच्या बंधाऱ्यांना फळ्या वेळेवर पडाव्यात. ठेकेदार मिळाला नाही ही सबब चालणार नाही.

वाचकहो, यात कोटींची एकही योजना नाही. वेळेवर काम आणि खरा हिशेब, एवढेच मागणे आहे. पुढच्या ग्रामसभेला घरटी एकाने तरी जावे, हे पाच मुद्दे लेखी द्यावेत आणि सचिवाकडून पोच घ्यावी. मते मागायला कोणीही दारात आला, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला आधी गावच्या विहिरीपाशी न्यावे आणि तळ दाखवावा. मृगाची वाट पाहत बसणाऱ्यांना पाऊस मिळेल, पाणी मिळणार नाही.