विश्लेषण : रुग्णालयाची इमारतही संसर्ग पसरवते का?

पाय मोडला म्हणून दाखल झालेला रुग्ण न्यूमोनिया घेऊन घरी जातो. बाळंतपणासाठी गेलेल्या बाईच्या टाक्यांत पू होतो. असे झाले की दोष डॉक्टरांना, परिचारिकांना, नाहीतर नशिबाला दिला जातो. वॉर्डच्या बंद खिडक्या, चुकीच्या जागी बसवलेले बेसिन आणि एकमेकींना चिकटलेल्या खाटा यांच्याकडे कोणी बोट दाखवत नाही. संसर्गाच्या प्रसारात इमारतीचा वाटा नेमका किती, आणि तो कमी करता येतो का?

रुग्णालयात होणारा संसर्ग किती मोठा?

दाखल होताना नसलेला आणि साधारण ४८ तासांनंतर दिसू लागलेला संसर्ग हा रुग्णालयात झालेला संसर्ग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, गंभीर आजारांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयांतील दर १०० रुग्णांपैकी श्रीमंत देशांत ७, तर गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. त्यातील सरासरी दहापैकी एकाचा मृत्यू होतो. रुग्णालयातले जंतू अनेकदा प्रतिजैविकांना न जुमानणारे असतात. त्यामुळे औषधे महागडी लागतात, मुक्काम लांबतो आणि बिल फुगते.

इमारतीचा संबंध कधी लक्षात आला?

क्रिमियाच्या युद्धात जखमी ब्रिटिश सैनिकांना इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील बराकीत ठेवले जाई. इमारतीखालची गटारे तुंबलेली आणि हवा कोंडलेली होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथला मृत्युदर ४२ टक्क्यांच्या आसपास पोहोचला होता. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, भिंतींना चुना दिला, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्युदर २ टक्क्यांच्या जवळ आला. तिथे काम करणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी या आकड्यांचा पुढे बारकाईने अभ्यास केला आणि दोन्ही बाजूंनी उंच खिडक्या असलेल्या, सुट्या सुट्या लांब वॉर्डांचा आग्रह धरला. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांतली उंच छते, रुंद व्हरांडे आणि समोरासमोरच्या खिडक्या याच विचारातून आल्या. ती शोभा नव्हती, उपचाराचाच भाग होता.

हवा किती वेळा बदलायला हवी?

खोलीत जेवढी हवा मावते तेवढी ताजी हवा एका तासात किती वेळा आत येते, यावर सारे अवलंबून असते. क्षयरोग, गोवर, कांजिण्या यांचे जंतू हवेत तरंगतात. खोलीची हवा तासाला १२ वेळा बदलत असेल, तर हवेतले ९९ टक्के कण साधारण २३ मिनिटांत निघून जातात. दोनच वेळा बदलत असेल, तर त्याला १३८ मिनिटे लागतात. म्हणजे खोकणारा रुग्ण उठून गेल्यावर दोन तासांनी आलेला माणूसही त्याच हवेत श्वास घेतो.

पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या खोल्यांत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या पद्धतीच्या खोल्यांत १७ वेळा, तर यंत्राने हवा पुरवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. उपचार सुरू न झालेल्या क्षयरुग्णांसोबत दिवसभर राहिल्यास जुन्या खोल्यांत ११ टक्के, तर यंत्रावरच्या खोल्यांत ३९ टक्के लोकांना लागण होईल, असा संशोधकांचा अंदाज होता.

आपल्याकडे तर अनेक ठिकाणी यंत्राने ताजी हवा आत घेण्याची सोयही नसते. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत खोलीत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही. वर एसीची थंडी जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. गारवा मिळतो, पण हवा तीच राहते.

पाण्यातून धोका असतो का?

असतो, आणि तो अगदी अनपेक्षित जागी असतो. कॅनडातील टोरंटोच्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ दरम्यान ३६ रुग्णांमध्ये औषधांना दाद न देणारे स्युडोमोनस जंतू सापडले. माग काढता काढता तपास पोहोचला हात धुण्याच्या बेसिनपर्यंत. बेसिन उथळ होते आणि नळाची धार थेट सांडपाण्याच्या जाळीवर पडत होती. त्या जाळीखाली वाढणारे जंतू उडणाऱ्या शिंतोड्यांबरोबर किमान मीटरभर अंतरापर्यंत जात होते. औषधे तयार करण्याची जागा आणि रुग्णाची खाट तिथून जवळच होती. बेसिनच्या रचनेत बदल केल्यावर हा प्रसार थांबला. ज्या बेसिनने जंतू धुवायचे, त्यानेच ते उडवावेत, ही चूक हात धुणाऱ्याची नव्हती. ती नकाशा काढणाऱ्याची होती.

गर्दीचे काय?

२०१५ मध्ये दक्षिण कोरियात ‘मर्स’ची साथ आली. सोलमधील एका नामांकित रुग्णालयाच्या गजबजलेल्या तातडीच्या विभागात एक रुग्ण तीन दिवस होता. त्याच्यापासून ८२ जणांना लागण झाली. त्यातले ४१ जण, म्हणजे निम्मे, रुग्णही नव्हते आणि कर्मचारीही नव्हते. ते सोबतीला किंवा भेटायला आलेले होते. रुग्णाच्या उशाशी घरचे माणूस हवेच, ही पद्धत तिथेही आपल्यासारखीच आहे.

आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत खाट मिळाली नाही तर जमिनीवर गादी टाकली जाते, रात्री नातेवाईक खाटेखाली आणि व्हरांड्यात झोपतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. परिचारिका कमी असतात तेव्हा रुग्णाला पाणी पाजणे, कूस बदलणे, शौचाला नेणे ही कामे तेच करतात. पण त्यांच्यासाठी नकाशात जागा नसते, वेगळे स्वच्छतागृह नसते, हात धुण्याची सोय नसते. दोन खाटांमध्ये किमान एक मीटर अंतर असावे हा साधा दंडक. वॉर्डच्या क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण आले की पहिला बळी त्याचाच जातो.

मग खिडक्या उघडल्या की झाले?

नाही. शस्त्रक्रियागृहात गाळलेली हवा लागते आणि तिचा दाब बाहेरपेक्षा जास्त ठेवावा लागतो, म्हणजे बाहेरची धूळ आत शिरत नाही. क्षयरोग किंवा गोवराच्या रुग्णाच्या खोलीत उलटे हवे : दाब कमी, म्हणजे आतली हवा मार्गिकेत येत नाही. रुग्णालयात तोडफोड, बांधकाम सुरू असेल तर धुळीतून उडणारी बुरशी कर्करोगाच्या आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांच्या जिवावर बेतू शकते. उघड्या खिडकीला डासांची जाळी लागते आणि वारा पडलेल्या दिवशी हवा बाहेर ओढणारा पंखा लागतो. म्हणजे प्रत्येक खोलीचा विचार वेगळा करायला हवा. तो नकाशाच्या पायरीवर केला तर स्वस्तात होतो, इमारत उभी राहिल्यावर महागात पडतो.

नियम आहेत, मग अडते कुठे?

हवेतून पसरणाऱ्या संसर्गाबाबत केंद्राने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. संसर्ग नियंत्रणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०२० च्या जानेवारीत आल्या. स्वच्छ सरकारी रुग्णालयांना गौरवणारी ‘कायाकल्प’ योजना २०१५ पासून आहे. कागदाची कमतरता नाही. अडते ते मोजमापापाशी. नव्या रुग्णालयाचे भूमिपूजन होते तेव्हा घोषणा खाटांची होते. वॉर्डात माणशी किती हवा येईल, हे कोणी विचारत नाही. हवा नैसर्गिकरीत्या खेळत असेल तर साध्या वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खासगी क्षेत्राचे दुखणे वेगळे. निमशहरांत राहत्या सदनिकांची आणि दुकानगाळ्यांची रुग्णालये होतात. तिथल्या भिंती, नळ आणि खिडक्या रुग्णांसाठी आखलेल्याच नसतात.

जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. त्यानंतर राज्यभर अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. आग दिसते, म्हणून तिची तपासणी होते. कोंडलेली हवा आणि तुंबलेली जाळी दिसत नाही, तिचे बळी ‘गुंतागुंत’ या एका शब्दाखाली झाकले जातात. अग्निसुरक्षेप्रमाणेच हवा, पाणी आणि खाटांमधील अंतर यांची तपासणी दरवर्षी बंधनकारक व्हावी आणि तिचा निकाल रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावा. यासाठी नवा शोध लागायची गरज नाही. खोलीतली हवा कितपत कोंडली आहे, हे कार्बन डायऑक्साइड मोजणारे हातात मावणारे यंत्रही सांगू शकते.

रुग्णाने, नातेवाईकांनी काय पाहावे?

वॉर्डची खिडकी उघडते का, की कायमची बंद केली आहे? खाटेपासून हात धुण्याची जागा किती दूर आहे आणि तिथे साबण आहे का? बेसिनशेजारी औषधे किंवा सलाईनचे साहित्य मांडले आहे का? खोकणाऱ्या रुग्णांसाठी वेगळी रांग आहे का? हे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका त्याच हवेत दिवसाचे दहा-बारा तास काढतात. क्षयरोग त्यांनाही गाठतो.

हात धुवा, हे रुग्णालयाच्या प्रत्येक भिंतीवर लिहिलेले असते आणि ते बरोबरच आहे. पण ती जबाबदारी माणसावर टाकून भिंतीला मोकळे सोडता येणार नाही. कर्मचारी थकतो, विसरतो, घाईत असतो. दोन्ही बाजूंनी उघडणारी खिडकी आणि नीट बसवलेले बेसिन मात्र रात्रपाळीतही आपले काम करत राहते. पुढच्या वेळी कोणी पाचशे खाटांच्या रुग्णालयाची घोषणा करील, तेव्हा त्यातल्या किती खाटांना खिडकी आहे, हेही विचारायला हवे.