श्रमदान आणि राखणदारी

वेतनाची अपेक्षा न धरता जगभरची माणसे संगणकाच्या आज्ञावली रचतात, त्या सर्वांच्या हाती विनामूल्य सोपवतात, ही घटना समाजवाद्यांनी आस्थेने अभ्यासावी अशी आहे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली. १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जाहीर केला. आज परभणीजवळच्या पिंगळीतील शेतकऱ्याच्या खिशात जो अँड्रॉइड फोन असतो, त्याच्या पोटातही हाच गाभा आहे.

परंतु मालकी संपली म्हणजे सत्ताही संपली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. या प्रकल्पांत कोणीही दुरुस्ती पाठवू शकतो. ती स्वीकारायची की नाकारायची, हे मात्र मोजके राखणदार ठरवतात. गुणवत्तेसाठी असा अधिकार आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो अधिकार वापरण्याच्या वृत्तीचा. गिरणीतला कामगार मुकादमाचा अपमान पोटासाठी गिळतो, किंवा संघटित होऊन संप करतो. स्वयंसेवकाला या दोहोंपैकी कशाचीच गरज नसते. तो निवेदन देत नाही, घोषणा देत नाही. निमूटपणे निघून जातो. म्हणूनच या हानीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

खुद्द लिनक्सचा अनुभव बोलका आहे. सहकाऱ्यांवर कठोर शब्दांत तुटून पडणे हा तेथे वर्षानुवर्षे जणू कर्तबगारीचाच भाग समजला जाई. अखेर सप्टेंबर २०१८ मध्ये टोर्व्हाल्ड्स यांनी स्वतःच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली, काही काळ ते कामातून दूर झाले आणि प्रकल्पाने लेखी आचारसंहिता स्वीकारली. इंग्रजी विकिपीडियाच्या सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घसरू लागली. नवागतांचे सद्‌हेतूने केलेले लेखनही तडकाफडकी पुसले जाते व ते परत येत नाहीत, हे त्याचे एक प्रमुख कारण २०१३ च्या अभ्यासात दिसून आले.

आपल्या भाषेला ही चैन परवडणारी नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. सॉफ्टवेअरचे मराठीकरणही बऱ्याच अंशी स्वयंसेवकांच्याच बळावर होते. उद्या पिंगळीच्या एखाद्या तरुणाने आपल्या गावाची माहिती लिहिली, किंवा शेतीच्या अवजाराचा मराठवाड्यातील शब्द सुचवला, आणि ‘अशुद्ध’ एवढ्या एका शब्दाने तो फेटाळला गेला, तर त्या तरुणासोबत एका प्रदेशाची बोलीच दाराबाहेर राहील. बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ सुरू केली. जातीच्या अपमानाशी या अनुभवाची बरोबरी करता येणार नाही. तथापि पाणवठा कागदावर खुला असणे आणि तेथे निर्भयपणे घागर बुडवता येणे यांतील अंतर त्या चळवळीने आपल्याला शिकवले आहे.

मात्र सारा दोष राखणदारांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्यातील अनेक जण रात्री जागून एकट्याने हा भार वाहतात आणि त्यांच्या फुकट श्रमांवर बलाढ्य कंपन्या नफा कमावतात. ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वदूर वापरल्या जाणाऱ्या साधनाचा थकलेला राखणदार तगाद्यांनी जेरीस आला. मदतीच्या मिषाने आलेल्या एका अनोळखी इसमाने दोन वर्षांत त्याचा विश्वास संपादन करून त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये केवळ अर्ध्या सेकंदाच्या विलंबावरून एका दक्ष अभियंत्याला संशय आला, म्हणून अनर्थ टळला. दमलेला माणूस एक तर तुसडा होतो, नाही तर बेसावध होतो. दोन्हींची किंमत समाज मोजतो.

तेव्हा सौजन्याचा उपदेश पुरेसा नाही. व्यवस्था बदलली पाहिजे. राखणदारी अनेकांत वाटली जावी, तिची मुदत ठरावी. नकाराचे कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी. जे नफा घेतात त्यांनी राखणीचा खर्च उचलावा. आणि हा धडा केवळ संगणकवाल्यांसाठी नाही. आपल्या शाखेत पहिल्यांदा आलेला तरुण दुसऱ्या बैठकीस का आला नाही, हा प्रश्न ज्या संघटनेला पडत नाही, तिने लोकशाही समाजवादाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने कराव्यात?