ऐकण्यापूर्वीच निवाडा?

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकल्यावाचून निवाडा देऊ नये, हा न्यायासनाचा पहिला दंडक. आश्चर्य असे की, ज्या संगीताच्या प्रांतात ऐकणे हेच सर्वस्व, तेथेच या दंडकाची सर्रास पायमल्ली होते. स्पॅनिश संगीतरचनाकार मानुएल दे फाया यांच्या हार्प्सिकॉर्ड कॉन्चर्टोचे उदाहरण आम्ही येथे घेतो.

ही कृती ५ नोव्हेंबर १९२६ रोजी बार्सिलोना येथे प्रथम वाजली. वादिका होत्या वांडा लांडोव्स्का. पियानोने अडगळीत टाकलेल्या या जुन्या वाद्याला पुन्हा सभेत मानाचे स्थान देण्यात त्यांचा वाटा फार मोठा. तरीही श्रोत्यांनी कृतीचे स्वागत थंडपणानेच केले. आजही तिच्याविरुद्ध तीन फिर्यादी कानी येतात: आवाज क्षीण, स्वर कर्कश आणि माधुर्याचा अभाव.

पहिली फिर्याद घेऊ. पियानोची तार हातोडीने ठोकली जाते. हार्प्सिकॉर्डची तार पिसाच्या किंवा चामड्याच्या नखीने छेडली जाते. बोट कितीही जोराने दाबले तरी स्वर फारसा मोठा होत नाही. हा त्या वाद्याचा स्वभाव आहे आणि फाया तो पुरता जाणून होते. म्हणूनच त्यांनी समोर मोठा वाद्यवृंद उभा केला नाही. बासरी, ओबो, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो एवढी पाचच वाद्ये त्यांनी साथीस घेतली व तंतुवाद्यांची संख्या वाढवू नये असे बजावले. प्रचंड सभागृहाच्या शेवटच्या रांगेत काही ऐकू येत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु ती सभागृहावर गुदरावी.

दुसरी फिर्याद कर्कशपणाची. राजदरबारातील नाजूक किणकिण ऐकावयास आलेल्या श्रोत्याला फाया यांचे धारदार स्वर खुपणारच. परंतु पहिल्या भागाच्या मुळाशी सोळाव्या शतकातील हुआन बास्केस यांचे एक गीत आहे. फाया त्याचे तुकडे करतात, ते उलटसुलट जुळवतात आणि त्यातून नवी वास्तू उभारतात. ती न पाहता जुन्या वाड्याच्या नावाने गळा काढणे म्हणजे रसिकता, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरी फिर्याद माधुर्याची. मधल्या संथ भागाच्या शेवटी फाया यांनी १९२६ सालच्या ‘कॉर्पुस क्रिस्ती’ या सणाचा दिवस नोंदवला आहे. स्पेनमध्ये हा मोठ्या मिरवणुकीचा सण. या भागात हार्प्सिकॉर्डचे भरघोस स्वरसमूह घंटानादासारखे उसळतात. देवळाच्या अंगणात वाढलेल्या आमच्या वाचकांस अधिक सांगणे नलगे. पालखी उठताना चौघडा आणि घंटा कानाला गुदगुल्या करण्यासाठी वाजत नाहीत. तेथे आपण माधुर्य मागत नाही; उभे राहून हात जोडतो. मग फाया यांच्याकडेच ते का मागावे?

हा दोष परक्यांचाच आहे, असे मात्र कोणी समजू नये. मींड निघत नाही, स्वर बांधलेले आहेत, या आरोपांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला हद्दपार केले. ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. त्या अवधीत कीर्तनाला पेटीची साथ चालूच होती. वाद्याला काय येत नाही याची यादी करणे सोपे. त्याला काय येते हे ऐकण्यास बसावे लागते.

आणि येथे बसावे तरी किती? संपूर्ण कृती पंधरा मिनिटांचीही नाही. १९३० साली स्वतः फाया यांनी हार्प्सिकॉर्ड वाजवून केलेले तिचे ध्वनिमुद्रण आहे. ते दोन वेळा ऐकावे: एकदा हार्प्सिकॉर्डकडे कान ठेवून, एकदा साथीच्या पाच वाद्यांकडे. त्यानंतरही कृती रुचली नाही, तर वाचकाने ती खुशाल नापसंत करावी. तो त्याचा हक्क आहे आणि त्या हक्कासाठी आम्ही वकीलपत्रही घेऊ. परंतु साक्षीपुरावा न ऐकता उठून गेलेल्याने निकालपत्र वाचू नये, एवढीच आमची हरकत आहे.