बदामाचं दूध : चवीला छान, पोषणाला अपुरं
रात्रभर भिजवलेले १० बदाम सोलून पेलाभर पाण्यात वाटले, गाळले की बदामाचं दूध तयार. ज्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यांची त्यामुळे चांगली सोय होते. पण नावात दूध असलं, तरी त्याला गाईच्या दुधाच्या पंगतीत बसवू नये. पेलाभर गाईच्या दुधात साधारण ८ ग्रॅम प्रथिनं आणि ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. १० बदामांत प्रथिनं जेमतेम अडीच ग्रॅम. त्यातलीही काही चोथ्यात राहतात. बी-१२ तर नसतंच. म्हणून तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नका. मोठ्यांनी खुशाल प्यावं. मात्र जेवणात डाळ, नाचणी, तीळ हवेतच आणि बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावं. चोथा मात्र फेकू नका, थालीपिठात घाला.