लष्करशाही मागणाऱ्यांनी थायलंडचा हिशेब वाचावा

‘भारतात दहा वर्षं लष्कराची राजवट आणा, सगळे सुतासारखे सरळ होतील.’ कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या मराठी घरांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आता ते ऐकून गप्प बसायची लाज वाटते. गणपतीची आरती झालेली असते, पानं वाढलेली असतात, कुणीतरी पुण्यातल्या खड्ड्यांचा किंवा मुंबईतल्या नगरसेवकांचा विषय काढतो आणि चांगली शिकलेली, शहाणीसुरती माणसं हुकूमशाही मागू लागतात. इथे शाळेची हद्द बदलायचा नुसता प्रस्ताव आला, तरी हीच माणसं स्कूल बोर्डाच्या सभेत रात्री उशिरापर्यंत माइकसमोर रांग लावतात. स्वतःच्या मुलासाठी लोकशाही हवी आणि गावाकडच्या चुलतभावाच्या मुलासाठी बंदूक, याला देशप्रेम म्हणू नका. हा दुटप्पीपणा आहे.

यातले बरेच जण थायलंडला जाऊन आलेले असतात. ‘तिथे लष्कराचा वचक आहे, म्हणून बघा कशी शिस्त आहे,’ असंही ते सांगतात. तर मग थायलंडकडे नीटच बघू. आपल्या नाइल्स बुलेवार्डवर वाट बुद्धानुसॉर्न हे थाई बौद्ध मंदिर आहे. एप्रिलमध्ये तिथे सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, साजरं होतं. त्याच एप्रिलमध्ये तिकडे थायलंडमध्ये एकवीस वर्षांच्या मुलांना ओळीत बसवून चिठ्ठ्या काढायला लावतात. काळी निघाली तर घरी, लाल निघाली तर दोन वर्षांपर्यंत सक्तीची चाकरी. लाल चिठ्ठी हातात आल्यावर मुलं तिथल्या तिथे कोसळतात. शाळेत तीन वर्षं लष्करी प्रशिक्षण पुरं केलेल्याला यातून सूट मिळते. शाळा अर्ध्यात सुटलेल्या गरिबाच्या पोराला ती मिळत नाही. भरती झालेल्यांतल्या कितीतरी मुलांचा काळ अधिकाऱ्यांच्या घरी कपडे धुण्यात आणि बाग राखण्यात जातो. बराकीतली मारहाण, नागवं करून केलेली विटंबना आणि लैंगिक छळ यांवर अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनं २०२० साली अख्खा अहवाल काढला. शिस्त म्हणतात ती ही.

ही सवय लागली कशी? थायलंडमध्ये २४ जून १९३२ रोजी मूठभर लष्करी अधिकारी आणि मुलकी नोकरांनी राजाची अनियंत्रित सत्ता संपवली. हेतू लोकशाहीचा होता. पण एकदा रणगाडा रस्त्यावर आणून सरकार बदलता येतं हे कळल्यावर तो पुन्हा बराकीत गेलाच नाही. १९४७, १९५७, १९५८, १९७१, १९७६, १९७७, १९९१, २००६, २०१४ ही वर्षं सत्तापालटांची, आणि यादी याहून मोठी आहे. १९५८ आणि १९७१ मध्ये तर सत्तेवर बसलेल्या सेनापतींनी स्वतःच्याच राजवटीची घटना गुंडाळली. २०१७ साली लागू झालेली राज्यघटना ही त्या देशाची विसावी. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितलं गेलं: राजकारणी भ्रष्ट आहेत, देशात अराजक आहे, थोडे दिवस आम्ही बघतो. आपल्या पंगतीतल्या वाक्यात आणि या कारणात मला काही फरक दिसत नाही.

आणि ही सेना आपसात तरी एक असते का? २९ जून १९५१ ची गोष्ट ऐका. अमेरिकेनं दिलेला ‘मॅनहॅटन’ नावाचा गाळ काढायचा तराफा स्वीकारायला पंतप्रधान फिबुनसोंगक्राम बँकॉकच्या धक्क्यावर आले. नौदलाच्या अधिकाऱ्यांनी समारंभातच त्यांना बंदुकीच्या टोकावर पकडून ‘श्री अयुध्या’ या युद्धनौकेवर नेलं. मग भूदल आणि हवाई दलानं काय केलं? स्वतःच्याच नौदलाच्या त्या नौकेवर, आत पंतप्रधान असताना, बाँब टाकले. नौका बुडाली आणि फिबुन पोहत काठाला लागले. तेही फील्ड मार्शल होते, स्वतः बंडातून वर आलेले.

भ्रष्टाचार संपेल म्हणता? फील्ड मार्शल सरित थानारात यांनी १९५७ साली सत्ता घेतली ती साफसफाईच्या नावाखाली. जाळपोळीच्या संशयितांना खटल्याविना गोळ्या घातल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९६३ साली ते वारले आणि वारसांच्या भांडणातून बाहेर आलं, की या कर्तव्यकठोर माणसानं सरकारी तिजोरीतून प्रचंड माया जमवली होती. त्यांच्याच सहकाऱ्यांच्या सरकारला ती जप्त करावी लागली. त्यांच्यानंतरही थाई लष्कर दूरचित्रवाहिन्या, रेडिओच्या लहरी, मुष्टियुद्धाचं स्टेडियम, गोल्फ मैदानं आणि अफाट जमिनी सांभाळत राहिलं. सेनाधिकाऱ्यांत हजाराहून अधिक जनरल आणि अॅडमिरल आहेत. १९९७ मध्ये नौदलानं स्पेनमध्ये बांधलेली ‘चक्री नारुएबेत’ ही विमानवाहू नौका घेतली. तिच्यावरची हॅरियर विमानं २००६ साली मोडीत निघाली, तेव्हापासून ती लढाऊ विमानांविनाच आहे. ‘जीटी २००’ या बाँबशोधक यंत्राची कथा तर संताप आणणारी आहे. प्लॅस्टिकची मूठ, वर एक तार, आत काहीही नाही. थाई सेनेनं ती भरमसाट पैसे देऊन घेतली आणि दक्षिणेतल्या मुस्लिम वस्त्यांत तारेनं दाखवलेल्या माणसांना उचललं. ती विकणाऱ्या ब्रिटिश माणसाला २०१३ साली लंडनच्या न्यायालयानं तुरुंगात धाडलं. प्रश्न विचारणारी संसद नसली, की रिकामं प्लॅस्टिक असं शस्त्र म्हणून खपतं.

अधिकाऱ्यांच्या अशा धंद्यांची किंमतही बघा. ८ फेब्रुवारी २०२० रोजी थायलंडच्या नाखोन रात्चासिमा शहरात एका सैनिकानं २९ जणांना मारलं. सुरुवात वरिष्ठ अधिकाऱ्याच्या कुटुंबाशी घराच्या व्यवहारात झालेल्या वादातून झाली होती. त्या निर्दोष माणसांच्या खुनाला काही क्षमा नाही. पण अधिकाऱ्यांच्या जमीन-घरांच्या धंद्याबद्दल देशाला विचार करायला लागावा यासाठी एवढी माणसं मरावी लागली, हे लक्षात घ्या.

आणि ‘सरळ’ कसं केलं जातं? ६ ऑक्टोबर १९७६ रोजी बँकॉकच्या थम्मासात विद्यापीठात विद्यार्थ्यांना घेरून मारलं गेलं. सरकारी आकडा ४६ मृतांचा. त्याच संध्याकाळी लष्करानं सत्ता घेतली आणि मारणाऱ्यांपैकी कुणालाही शिक्षा झाली नाही. मे १९९२ मध्ये पुन्हा निदर्शकांवर गोळीबार, २०१० साली पुन्हा, तेव्हा नव्वदहून अधिक बळी. ‘सरळ होतील’ या दोन शब्दांत ही प्रेतं येतात. ती आपल्या नात्यातली नसतील अशी खात्री असल्याशिवाय कुणी ते शब्द उच्चारत नाही.

सैन्याच्या परंपरेबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे लिहितो. थायलंडचा सेनादिन १८ जानेवारीला असतो. १५९३ साली राजा नरेसुआननं हत्तीवरून द्वंद्वयुद्ध करून ब्रह्मदेशाच्या युवराजाला मारलं, त्याचा तो स्मृतिदिन. हे द्वंद्व असंच घडलं का, अशी शंका सुलक शिवरक्स या विचारवंतानं एका चर्चेत काढली. लष्करी राजवटीत, २०१७ साली, ८४ वर्षांच्या त्या माणसावर राजद्रोहाच्या जातीचा गुन्हा चालवायला घेतला. चारशे वर्षांपूर्वी वारलेल्या राजाच्या अपमानाचा! पुढच्या जानेवारीत तो मागे घेतला गेला. आपली मराठा लाइट इन्फंट्री ४ फेब्रुवारीला सिंहगडाच्या विजयाचा दिवस पाळते, तानाजी मालुसऱ्यांचं स्मरण करते आणि आपल्या कामाला लागते. त्या स्मरणातून राज्य करायचा हक्क तिनं कधी मागितलेला नाही. खुद्द शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्र लिहून बजावलं होतं, की रयतेच्या गवताकाडीला, भाजीपाल्याला हात लावाल तर लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. महाराजांना मानता ना? मग सैन्याला रयतेच्या डोक्यावर बसवायची भाषा कुठून शिकलात?

‘पण सेनापती चांगला असला तर?’ हा यांचा शेवटचा बचाव. त्याचं उत्तर आपल्या शहराच्या नावातच आहे. १९५६ साली पाच वस्त्या एकत्र करून या शहराला ज्याचं नाव दिलं, तो जॉन फ्रीमाँट लष्करी अधिकारी होता. १८४६ च्या वसंतात त्याच्या तुकडीनं सॅक्रमेंटो नदीकाठी मूळ रहिवाशांची कत्तल केली. पुढच्या वर्षी त्यानं कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद धरून ठेवलं आणि वरिष्ठ असलेल्या जनरल कर्नीचे हुकूम झुगारले. कोर्टमार्शल झालं, दोषी ठरला, शेवटी नोकरी सोडली. तोच फ्रीमाँट अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ मध्ये, मिसुरीत सेनापती होता. ऑगस्टच्या अखेरीस त्यानं स्वतःच्या अधिकारात मार्शल लॉ लावला आणि बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं जाहीर केलं. ते काम न्यायाचं होतं, मी त्याच्या बाजूचा आहे. तरीही राष्ट्राध्यक्ष लिंकननं तो हुकूम बदलला आणि दोन-सव्वादोन महिन्यांत त्याला पदावरून काढलं. गुलामांची मुक्ती पुढे राष्ट्राध्यक्षाच्या जाहीरनाम्यानं आणि घटनादुरुस्तीनं झाली, म्हणून ती टिकली. एका जनरलच्या मर्जीनं मिळालेली मुक्ती दुसऱ्या जनरलच्या मर्जीनं गेली असती.

याउलट थायलंडमध्ये २०२३ च्या निवडणुकीत सक्तीची भरती बंद करू म्हणणारा मूव्ह फॉरवर्ड पक्ष पहिला आला. लष्करी राजवटीनं नेमलेल्या सेनेटनं त्याच्या नेत्याला पंतप्रधान होऊ दिलं नाही आणि पुढच्या वर्षी न्यायालयानं पक्षच बरखास्त केला. २०२५ मध्ये पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रा यांचं कंबोडियाचे नेते हुन सेन यांच्याशी झालेलं फोनवरचं बोलणं फुटलं. त्यात त्यांनी स्वतःच्या एका सेनापतीला विरोधी बाजूचा म्हटलं होतं. त्या प्रकरणात न्यायालयानं ऑगस्टमध्ये त्यांचं पद काढून घेतलं.

आता आपल्याकडचा माणूस बघा. कोल्हापूरजवळच्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात. ब्रह्मदेशाच्या लढाईत शौर्यपदक मिळवलेले, पूर्व विभागाचे सेनापती. चीनचा हल्ला कसा येईल आणि आपण कुठे उघडे पडू, हे त्यांनी १९५९-६० मध्ये लेखी मांडलं, लखनौला ‘लाल किला’ नावाचा सरावही घेतला. दिल्लीनं कानाडोळा केला. जनरल थिमय्यांनंतर लष्करप्रमुखपदी थोरातांची शिफारस होती, नेमले गेले जनरल थापर. थोरातांच्या हाताखाली फौज होती आणि राग येण्याजोगं कारणही होतं. तरीही १९६१ साली ते निवृत्त होऊन घरी आले आणि पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. दीड वर्षात चीननं हल्ला करून भारताला हरवलं आणि त्यांचा शब्द खरा केला. तेव्हा संसदेतल्या सदस्यांनी धारेवर धरून संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना घालवलं, थापर गेले, आणि यशवंतराव चव्हाण मेनन यांच्या जागी दिल्लीला गेले. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल मात्र भारत सरकारनं अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. फ्रीमाँटमध्ये बसून भारतासाठी खरोखर काही मागायचं असेल, तर तो अहवाल मागा.