नकाशातील ‘आडजात’

गेल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आलापल्लीच्या बाजूला जाण्याचा योग आला. उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांवरून जंगलांचे नकाशे करणारा एक मित्र मला बरोबर घेऊन गेला होता. एका सागाच्या रोपवनाच्या कडेला गाडी थांबली, बॉनेटवर नकाशा पसरला. आमच्यासोबत साठी उलटलेले एक वनमजूर होते. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, ‘‘जंगल लाल काहून दाखवलं साहेब? वणवा लागला होता काय?’’

मित्र हसला. हिरवे पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. उपग्रह ते टिपतो आणि आपल्याला दिसावेत म्हणून चित्रात त्यांना लाल रंग दिला जातो. म्हणून जंगल जितके भरगच्च, तितका तांबडा रंग गडद. हे सारे ऐकून घेऊन बाबा म्हणाले, ‘‘ते ठीक आहे. पण यात आमचा मोह कुठं आहे?’’

मोह आमच्यापासून तीसेक पावलांवर उभा होता. सागाच्या रांगांत राहून गेलेले ते जुने झाड. खालची जमीन झाडून स्वच्छ केलेली आणि दोन बायका टोपल्यांत फुले वेचत असलेल्या. नकाशावर मात्र त्या जागी साग होता. मित्राने सूचीवर बोट ठेवले. तीत तीनच नावे होती : साग, बांबू आणि इतर.

या ‘इतर’ला आपल्या वनखात्याच्या बोलीत एक जुना शब्द आहे, ‘आडजात’. लाकडाच्या व्यवहारात साग हा राजा. ऐन, धावडा, मोह, कुसुम ही सारी आडजात. तोडीचा आणि लिलावाचा हिशेब ठेवायला हा शब्द सोयीचा असेल. पण ज्यांची चूल मोहफुलांवर, चारोळीवर आणि तेंदूपानांवर चालते, त्यांच्या दृष्टीने खरी जात तीच. साग त्यांना सावलीही धड देत नाही. ऐन उन्हाळ्यात तो उघडाबोडका असतो.

उपग्रहांना दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. 1972-75 आणि 1980-82 या दोन काळांतील उपग्रह-चित्रे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने ताडून पाहिली, तेव्हा देशातील वनाच्छादन 16.89 टक्क्यांवरून 14.10 टक्क्यांवर आल्याचा निष्कर्ष निघाला. कागदावरची जंगले आणि जमिनीवरची जंगले यांतले अंतर त्या आकड्यांनी चव्हाट्यावर आणले. 1987 पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल साधारणपणे दर दोन वर्षांनी येतो. 2023 च्या अहवालात वनाच्छादन 21.76 टक्के आहे.

वाचून बरे वाटते. पण ‘वनाच्छादन’ म्हणजे काय, तेही वाचावे. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेत झाडांच्या माथ्यांनी दहा टक्के जमीन झाकली, की ते वनाच्छादन. जमीन कोणाची आणि झाड कोणते, हा प्रश्नच त्यात नाही. आंब्याची बागही त्यात येते आणि सागाचे रोपवनही. म्हणजे मिश्र जंगल जाऊन तिथे एकाच जातीच्या झाडांनी माथे मिळवले, तरी आकडा जागचा हलत नाही.

पूर्वी याला तांत्रिक कारण होते. आपल्या उपग्रहांवरील ज्या कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षे काम चालले, त्याच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा साडेतेवीस मीटरचा चौकोन. दोन-दोन मीटरवर रोपे लावलेली असतील, तर एका ठिपक्यात एकशेतीसहून अधिक रोपे मावतात. त्यात एकटा मोह कुठून दिसणार? पण 2015 साली युरोपचा सेंटिनेल-2 मालिकेतील पहिला उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या काही पट्ट्यांतील ठिपका दहा मीटरचा आहे आणि चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. जुन्या मोहाचा घेर एवढा ठिपका सहज भरतो.

मग मोह सापडला का नाही? कारण आमच्याकडचे चित्र नोव्हेंबरातले होते. तेव्हा साग आणि मोह दोघेही पानांनी भरलेले. वरून दोघेही लालच. झाडे ओळखायची तर त्यांच्या ऋतूने ओळखावी लागतात, हे कोणताही गुराखी सांगेल. साग उन्हाळ्यात पाने टाकून उभा राहतो आणि पावसाची चाहूल लागल्यावर पालवतो. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये गळतात आणि लगोलग त्याला तांबूस पालवी फुटते. मे महिन्यात साग उघडा आणि मोह डवरलेला.

मित्राने तसेच केले. मेमधले चित्र घेऊन आम्ही जूनमध्ये पुन्हा गेलो. या वेळी करड्या पट्ट्यात सुटे सुटे लाल ठिपके दिसत होते. पण त्यातला मोह कोणता आणि कुसुम कोणता, हे यंत्राला सांगता येईना. ते काम बाबांनी केले. हा नाल्याकाठचा कुसुम, हा आमचा मोह, हा शेजारच्या घराचा. एकेका ठिपक्याला नाव मिळत गेले. यंत्राला शिकवायचे ते असेच. कोणीतरी झाडाखाली उभे राहून नाव सांगावे लागते. मग ते तसल्या खुणा इतरत्र शोधते. जे नाव कोणी सांगितले नाही, ते त्याला कधीच सापडत नाही.

मला वाटते, सारा प्रश्न इथेच आहे. नकाशाची सूची अवकाशात ठरत नाही, ती जमिनीवरच्या एखाद्या कार्यालयात ठरते. धंद्याच्या जंगलात सागाची मोजदाद हवी, याला कोणाची हरकत नाही. 2023 साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीचा साग गेला, याचा आपल्याला अभिमानच आहे. पण विरळणीची आणि तोडीची आखणी जर अशा नकाशांवर होणार असेल, तर ‘इतर’ या रकान्यात गेलेल्या झाडाची बाजू मांडणार कोण?

2006 च्या वनहक्क कायद्याने गावांना सामूहिक हक्क दिले. याच जिल्ह्यातील मेंढा-लेखाने 2009 मध्ये ते मिळवले आणि 2011 पासून आपला बांबू आपल्या परवान्यावर विकून दाखवला. जंगलाचा हिशेब गाव ठेवू शकते, याला आणखी पुरावा कशाला हवा? म्हणून जंगलाचा नकाशा करताना सूचीत कोणती झाडे घ्यायची, हे ग्रामसभेला विचारून ठरावे आणि तयार नकाशाची एक प्रत गावात राहावी. खर्च फारसा नाही. चित्रे फुकट आहेत आणि नावे सांगणारी माणसे गावात आहेत.

पण ही माणसे साठी उलटलेली आहेत. ती आहेत तोवर त्यांना विचारून घेतले पाहिजे. निघताना बाबांनी नकाशाची एक प्रत मागून घेतली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, ‘‘आता कोणी विचारलं तर दाखवता येईल.’’