वाटप नव्हे, भागीदारी



'अमेरिकेत पक्ष्यांच्या नावाखाली जमीनमालकांना पैसे वाटतात' हे मागील अंकातले पत्र वाचले. वाटत नाहीत हो! तिथल्या सरकारच्या 'इक्विप' या संवर्धन योजनेत सहसा खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंतच मदत मिळते, तीही बहुतेकदा काम झाल्यावर, उरलेले पदरचे. 2010 पासून अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सेज ग्राउस पक्ष्यासाठी पशुपालकांनी अशाच मदतीतून माळावर घुसलेली ज्युनिपरची झाडे काढली, कुंपणाच्या वरच्या तारेला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या अडकवल्या. अंधुक उजेडात कमी उंचीवरून उडणारा पक्षी तारेवर आपटून मरतो, म्हणून. याउलट आपल्याकडे 1979 च्या माळढोक अभयारण्यात सोलापूर-नगरच्या खासगी जमिनीही आल्या आणि त्यांचे खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले. त्या पक्ष्याबद्दल तेव्हा काय बोलले जाई, ते पत्रलेखकांनी अभयारण्यातल्या नान्नज गावच्या पारावर विचारावे.

— एक वाचक, सोलापूर